झाड स्वतःचं अन्न स्वतः बनवतं, मग त्याला श्वसन कशाला लागतं?

तुमचे प्रश्न दोन आहेत. झाडाला सूर्याकडून थेट ऊर्जा मिळते, तर त्याला श्वसनाची गरजच काय? आणि पिंपळ, तुळस रात्रीसुद्धा ऑक्सिजन देतात हे खरं का? मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. हे दोन्ही प्रश्न दर वर्षी वर्गात निघतात, आणि पहिल्याचं उत्तर मला पुस्तकाआधी शेतात मिळालं होतं. म्हणून तिथूनच सुरू करतो.

आमची जमीन काळी, भारी. जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की सखल तुकड्यात चार-पाच दिवस पाणी तुंबून राहायचं. सोयाबीन पिवळं पडायचं, आणि तूर तर त्याच्याही आधी माना टाकायची. लहानपणी मला हे कोडंच वाटायचं. पायाशी पाणी, ढग पांगल्यावर डोक्यावर ऊन, अंगावर हिरवी पानं, आणि तरी पीक सुकतंय! वडील म्हणायचे, "वाफसा नाही, मुळं गुदमरलीत." हा शब्द ते उपमा म्हणून वापरतात असं मला तेव्हा वाटायचं. पुढे कळलं की ते शब्दशः खरं बोलत होते. वाफशाच्या जमिनीत मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत थोडं पाणी आणि थोडी हवा असते. त्या पोकळ्या पाण्याने गच्च भरल्या की हवा मुळांपर्यंत पोचतच नाही, कारण हवेच्या मानाने पाण्यातून ऑक्सिजन साधारण दहा हजार पट हळू पसरतो. जो थोडा उरलेला असतो तो मुळं आणि मातीतले जिवाणू पाहता पाहता संपवतात. मग मुळाची पेशी ऑक्सिजनशिवाय कसंबसं भागवते. साखर अर्धवट मोडायची, अल्कोहोल तयार करायचं, आणि ग्लुकोजच्या एका रेणूमागे दोन एटीपी, म्हणजे पेशीला लगेच वापरता येईल अशी ऊर्जा देणारे रेणू, पदरात पाडून घ्यायचे. ऑक्सिजन असता तर त्याच रेणूतून सुमारे ३० मिळाले असते. (बऱ्याच पाठ्यपुस्तकांत ३८ लिहिलेलं असतं. तो जुना, कागदावरचा हिशोब आहे. प्रत्यक्ष मोजमापं ३० ते ३२ च्या आसपास येतात.) एवढ्या तुटपुंज्या कमाईवर मुळाला क्षार आत ओढता येत नाहीत, पाणीही नीट घेता येत नाही. म्हणून पाण्यात उभं पीक तहानेने सुकतं. भाताचं तसं होत नाही, कारण भाताच्या खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ नळ्या असतात. पानांकडची हवा त्यांतून खाली उतरते.

म्हणजे झाडाचं पान कमावतं हे खरं, पण मुळं अंधारात असतात. खोडाच्या आतल्या पेशी, कळीतल्या पेशी, जमिनीत रुजणारं बी, कुणालाच प्रकाश मिळत नाही. आणि रात्री तर पानालाही मिळत नाही. या सगळ्यांना जगायला एटीपी लागतं.

मग पानाने एटीपी बनवून मुळांकडे का पाठवू नये? इथे मला कणगी आणि भाकरी आठवते. साखर किंवा पिष्ट म्हणजे कणगीतली ज्वारी. ती साठते, टिकते, पोत्यात भरून दुसऱ्या गावी नेता येते. एटीपी म्हणजे तव्यावरची भाकरी. लागेल तेव्हा, लागेल तिथेच थापायची आणि लगेच संपवायची. माणसाच्या शरीरात कोणत्याही क्षणी जेमतेम ५० ते १०० ग्रॅम एटीपी असतं, पण दिवसभरात बनून, मोडून, पुन्हा बनून जे फिरतं ते जवळपास आपल्या वजनाइतकं भरतं. हा रेणू १९२९ साली जर्मनीत कार्ल लोहमान यांनी शोधला, आणि जवळजवळ त्याच वेळी हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि आपल्या आंध्रातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनीही शोधला. सुब्बारावांचं नाव आमच्या वर्गात मी दर वर्षी मुद्दाम फळ्यावर लिहितो.

हरितलवकात, म्हणजे पानाच्या पेशीतल्या ज्या हिरव्या कणांत प्रकाशसंश्लेषण होतं त्यांतसुद्धा, एटीपी बनतं, भरपूर बनतं. पण ते तिथल्या तिथे साखर बनवण्यात खर्च होतं. एका ग्लुकोजइतकी साखर उभी करायला १८ एटीपी लागतात, शिवाय हायड्रोजन पुरवणारे १२ एनएडीपीएच. म्हणजे सूर्याची ऊर्जा आधी ज्वारीत जाते, ती ज्वारी झाडभर वाटली जाते, आणि प्रत्येक पेशी आपल्या तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात), आपापल्या चुलीवर भाकरी थापते. ही चूल म्हणजेच श्वसन. ते चोवीस तास चालतं. "झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि रात्री श्वसन" हे वाक्य निम्मंच खरं आहे. दिवसा श्वसन चालूच असतं, फक्त प्रकाशसंश्लेषणाचा पसारा इतका मोठा असतो की ते झाकलं जातं. पहाटे आणि संध्याकाळी एक वेळ अशी येते की दोन्ही बरोबरीत असतात. तेव्हा पानातून हिशोबात ऑक्सिजन बाहेरही पडत नाही आणि आतही जात नाही.

आता मला खरोखर जे सांगायचं आहे ते. शाळेत प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन यांची समीकरणं आपण एकमेकांची उलटी म्हणून पाठ करतो, आणि त्यामुळे दोन्ही प्रक्रिया एकमेकींच्या विरुद्ध आहेत असं मनात बसतं. पेशीच्या आत डोकावलं तर दोन्हीकडे एटीपी बनवणारं यंत्र एकच आहे!

घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्प तुम्हाला माहीत असेल. २५० मेगावॅटचा. वर एक जलाशय, खाली एक. विजेची मागणी कमी असते तेव्हा वीज वापरून खालचं पाणी वर चढवायचं, आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून जनित्र फिरवायचं. पेशीत पाण्याच्या जागी प्रोटॉन असतात, म्हणजे इलेक्ट्रॉन निघून गेलेला हायड्रोजन. धरणाची भिंत म्हणजे एक पातळ पटल, जाडी मिलिमीटरच्या दोन लाखाव्या भागाच्या आसपास. पटलात बसवलेले पंप प्रोटॉन एका बाजूला लोटतात. तिथे त्यांची गर्दी होते, दाब तयार होतो. परत यायला वाट एकच: एटीपी सिंथेज नावाचं प्रथिन. प्रोटॉन त्यातून घुसतात तेव्हा त्याचा गाभा खरोखरच गरगर फिरतो, सेकंदाला शंभराहून जास्त फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला तीन एटीपी बाहेर पडतात. १९९७ साली जपानी शास्त्रज्ञांनी या गाभ्याला एक चमकणारा धागा चिकटवला आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली फिरताना पाहिला. तंतुकणिकेच्या पटलावर जो विद्युतदाब असतो तो साधारण १५० ते १८० मिलिव्होल्ट. ऐकायला किरकोळ वाटतो, पण पटलाची जाडी लक्षात घेतली तर तो मीटरला सुमारे ३ कोटी व्होल्ट भरतो. ही आकडेमोड मी पहिल्यांदा केली तेव्हा तीनदा तपासली होती.

फरक आहे तो पंप चालवणारी वीज कुठून येते एवढाच. तंतुकणिकेत ती अन्नातून काढलेल्या इलेक्ट्रॉनकडून येते. हे इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे उतरत जातात, उतरताना पंप चालवतात, आणि शेवटी ऑक्सिजन त्यांना उचलतो. तिथे पाणी तयार होतं. (एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती जवळजवळ सगळ्यांनाच चकवते: आपण श्वासातून घेतलेला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमध्ये जात नाही. त्याचं पाणी होतं. कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन अन्नातून आणि शरीरातल्या पाण्यातून आलेला असतो.) हरितलवकात इलेक्ट्रॉन पाण्यातूनच काढले जातात आणि प्रकाश त्यांना वर उचलतो. मग तेही उतरतात, पंप चालवतात, आणि अखेर साखरेच्या कामी लागतात. पाण्याचे इलेक्ट्रॉन काढून घेतल्यावर जो उरतो तो ऑक्सिजन. तोच आपण श्वासात घेतो.

हे पहिल्यांदा मांडलं ते इंग्लंडच्या पीटर मिचेल यांनी, १९६१ मध्ये. त्यांचं कुणाला पटेना. बाकीचे शास्त्रज्ञ एटीपीच्या आधी बनणारा एखादा विशेष रेणू शोधत होते, आणि हा माणूस म्हणत होता की तसा रेणूच नाही, आहे तो फक्त दाब. प्रकृती बिघडल्यावर मिचेल यांनी विद्यापीठ सोडलं, कॉर्नवॉलमधलं एक पडकं घर दुरुस्त केलं आणि तिथे स्वतःची छोटी प्रयोगशाळा थाटली. १९६६ साली अमेरिकेत आंद्रे यागेनडॉर्फ यांनी पालकाच्या पानांतली हरितलवकं घेतली, अंधारात आधी आम्लात भिजवली आणि मग एकदम अल्कलीत टाकली. आत प्रोटॉनची गर्दी, बाहेर टंचाई. प्रकाशाचा एक किरण नसताना एटीपी तयार झालं. वरचा जलाशय हाताने भरला, तरी जनित्र फिरलंच!

मला याहून आवडतो तो १९७४ चा प्रयोग, एफ्रैम राकर आणि वॉल्टर स्टोकेनियस यांचा. त्यांनी सोयाबीनच्या मेदापासून सूक्ष्म फुगे बनवले. त्यांत खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या एका जांभळ्या सूक्ष्मजीवाचा प्रकाशावर चालणारा पंप बसवला, आणि गाईच्या हृदयातल्या तंतुकणिकांमधलं एटीपी सिंथेज बसवलं. एकमेकांना कधी न भेटलेले दोन भाग. वर उजेड पाडला आणि एटीपी बनू लागलं. मिचेल यांना १९७८ साली नोबेल मिळालं.

या धरणाला गळती लागली तर काय होतं, याचंही उदाहरण आहे आणि ते भयंकर आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत डायनायट्रोफेनॉल नावाचं रसायन वजन घटवायला विकलं जात होतं. ते प्रोटॉनना एटीपी सिंथेजच्या फिरत्या चाकाला वळसा घालून पटलापलीकडे पळवतं. अन्न जळतं, पंप चालतात, पण एटीपी कमी बनतं आणि उरलेली ऊर्जा उष्णता होऊन निघते. वजन उतरायचं हे खरं, पण अंग तापून माणसं दगावली, काहींना मोतीबिंदू झाले. वजनाच्या गोळ्या म्हणून हे आजही कुठे कुठे ऑनलाइन विकलं जातं. कुणी सुचवलं तर हातसुद्धा लावू नका. तान्ह्या बाळाच्या पाठीतल्या तपकिरी चरबीत मात्र हीच गळती निसर्गाने मोजून-मापून ठेवली आहे, बाळाचं अंग ऊबदार राहावं म्हणून.

आता पिंपळ आणि तुळस. ऑक्सिजन पाणी फोडूनच निघतो आणि पाणी फोडायला प्रकाश लागतो, हे वर आलंच. त्यामुळे रात्री ऑक्सिजन सोडणारं झाड नाही, पिंपळही नाही आणि तुळसही नाही. या समजाला खतपाणी मिळतं ते बहुधा एका खऱ्या गोष्टीमुळे. निवडुंग, घायपात, पानफुटी अशा वनस्पती पाणी वाचवण्यासाठी दिवसा पर्णरंध्रं मिटून ठेवतात आणि रात्री उघडतात. रात्री त्या कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवतात, दिवसा उजेडात त्याची साखर करतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत भारतात असलेल्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीचं पान सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागतं हे टिपलं होतं. त्याचं ते पत्र १८१५ मध्ये छापून आलं. पण या वनस्पतीही रात्री ऑक्सिजन देत नाहीत. आणि झाडाखाली झोपलं तर जीव गुदमरेल या भीतीतही अर्थ नाही. खोलीतल्या कुंडीचं रात्रीचं श्वसन शेजारी झोपलेल्या माणसाच्या मानाने नगण्य असतं. तुळस खुशाल घरात ठेवा.

श्वसन हाताला जाणवतं, त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. आंब्याच्या अढीत हात घातला की जी ऊब लागते ती पिकणाऱ्या आंब्यांच्या श्वसनाची. कांदाचाळ जमिनीपासून उचलून बांधतात आणि तिच्यात हवा खेळती ठेवतात, कारण साठवलेला कांदा जिवंत असतो, श्वास घेतो आणि तापतो. घरी पाहायचं असेल तर मटकी भिजवून मोड आणा. निम्मी उकडून गार करा. दोन्ही वाटे वेगवेगळ्या थर्मासमध्ये भरा, तोंडाला झाकणाऐवजी कापसाचा बोळा लावा म्हणजे हवा जाईल, आणि बोळ्यातून तापमापी आत सोडा. दुसऱ्या दिवशी मोडाच्या मटकीचा पारा वर चढलेला दिसेल, उकडलेलीचा जवळपास जागेवर असेल. फार दिवस ठेवलंत तर उकडलेली मटकीही तापायला लागेल. प्रयोग फसला असं समजू नका. ती ऊब मटकी कुजवणाऱ्या जिवाणूंची आहे. त्यांच्या पेशींत तंतुकणिका नसतात, एटीपी सिंथेजचं ते चाक त्यांच्या पेशीपटलातच बसवलेलं असतं.