अमेरिकेहून आलेली जुनी व्हीएचएस कॅसेट आपल्या व्हीसीआरवर नीट का दिसत नाही?

आधी एक सांगते, कॅसेट टाकून देऊ नका. मामांनी १९९४ साली न्यू जर्सीहून पाठवलेली बारशाची कॅसेट लावली की चित्र काळंपांढरं दिसतं, वरखाली पळतं आणि आवाज जाड, ओढल्यासारखा येतो, असं तुम्ही लिहिलंय. ही कॅसेट खराब झाल्याची लक्षणं नाहीत. कॅसेट निराळ्या पद्धतीची आहे, एवढंच.

आमच्या घरी हेच झालं होतं. आत्याने डेट्रॉइटहून कॅसेट पाठवली होती. तिच्यात आजी जात्यावरच्या ओव्या म्हणत होती आणि तिचा आवाज एखाद्या दमलेल्या पुरुषासारखा येत होता. दुकानदार म्हणाला, "टेप गेलीय." आम्ही विश्वास ठेवला आणि कॅसेट बारा वर्षं माळ्यावर पडून राहिली. त्याची हळहळ अजून जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

अमेरिकेची टीव्ही-व्हिडिओची पद्धत एनटीएससी. त्यात चित्राच्या ५२५ आडव्या ओळी आणि सेकंदाला जवळपास ३० चित्रं. आपल्याकडे १९८२ च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला तो पाल पद्धतीचा, म्हणजे ६२५ ओळी आणि २५ चित्रं. कॅसेटची डबी दोन्हीकडे सारखीच असल्यामुळे ती आत बसते आणि तिथेच फसगत होते. एनटीएससीची टेप नेहमीच्या वेगात सेकंदाला ३३.३५ मिलिमीटर सरकते, पालची २३.३९. आपला व्हीसीआर ती हळू ओढतो, म्हणून आवाज जाड होतो. कॅसेटवर टी-१२० असं छापलेलं असेल तर ती बहुधा तिकडचीच. आपल्याकडच्या कॅसेटवर ई-१८० असायचं.

उपाय म्हणजे मल्टिसिस्टिम व्हीसीआर, म्हणजे पाल आणि एनटीएससी दोन्ही चालवणारा. आखातातून परतलेल्या कुणाच्या घरी अजून सापडतो, नाहीतर जुन्या बाजारात विचारा. त्यावर "एनटीएससी ऑन पाल टीव्ही" असा पर्याय असेल, तर टीव्हीवर बघायला तो चालतो. कॉम्प्युटरवर उतरवताना मात्र तो वापरू नका. त्यातून धड पाल नाही, धड एनटीएससी नाही असा ६० हर्ट्‌झचा सिग्नल निघतो आणि यूएसबी कॅप्चरच्या (व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या) स्वस्त डब्यांना तो बऱ्याचदा कळत नाही. माझे दोन रविवार यातच गेले. व्हीसीआर शुद्ध "एनटीएससी ३.५८" या पर्यायावर ठेवा आणि कॅप्चरच्या सॉफ्टवेअरमध्येही एनटीएससीच निवडा, चित्राचा आकार ७२० बाय ४८०.

कुणी अमेरिकन व्हीसीआर आणून दिला तर तो थेट आपल्या प्लगमध्ये लावू नका. तो १२० व्होल्टचा असतो, व्होल्टेज कमी करणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागेलच.

कॅसेट लावण्याआधी तिच्यावरच्या पारदर्शक खिडकीतून रिळाची कड उजेडात बघा. तांदळाच्या पिठासारखा पांढरा थर दिसला तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट अजिबात चालवू नका, व्हीसीआरचं हेड घाण होतं आणि टेप फाटते. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या. कॅसेटच्या कण्यावरची (लेबल लावतात त्या कडेची) छोटी प्लॅस्टिकची पट्टी अजून शाबूत असेल तर तोडून टाका, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही. मग कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा आणि पहिल्यांदा लावाल तेव्हाच कॅप्चर चालू ठेवा.