साडेतीन वर्षांचा मुलगा अजून एकही अक्षर लिहीत नाही, ऐरोलीच्या प्लेस्कूलमध्ये नुसतं खेळवतात. शाळा बदलावी का?

एवढ्याच कारणासाठी अजिबात बदलू नका. बालवाडीत बारा वर्षं शिकवतेय, त्यावरून सांगते: या वयात मनगटाची हाडंही पुरती तयार नसतात, मग दोन रेघांत 'अ' बसवायला लावलं की मूल पेन्सिलच टाळायला लागतं. कणीक मळणं, मणी ओवणं, ओल्या मातीत बोट फिरवणं ही लिहिण्याचीच तयारी. पावसाळ्यात वर्गाच्या भिंतीवर गोगलगाय आली. एका मुलाने खडूने लांब वेडीवाकडी रेघ ओढली आणि म्हणाला, "ही तिची वाट." मी खाली त्याचंच वाक्य लिहून वाचून दाखवलं, तर चौघं आपापल्या रेघा घेऊन आले, "माझं पण लिहा." बोललेलं कागदावर उतरतं, हे तिथे कळतं. २०२२ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरतो. घाई शेजारच्या इमारतीतल्या पालकांना असते! मात्र वर्गात रोज गोष्ट वाचत नसतील, मुलांच्या हाताशी कागद-खडू नसतील, तर ते खेळवणं नव्हे, नुसतं सांभाळणं झालं. मग खुशाल दुसरी शाळा बघा.