गॅस फायरप्लेस स्टोव्हच्या काचेवर पांढरा थर येतो आणि पायलट (बर्नर पेटवणारी छोटी ज्योत) सारखा विझतो. आतली नकली लाकडं काढून घरीच साफ केला तर चालेल का?

चालेल, पण आधी काचेवरचा डाग नीट बघा. पांढरट, धुरकट थर असेल तर ती साधी साफसफाईची गोष्ट आहे. काळी काजळी असेल तर नुसती पुसून पुन्हा पेटवू नका. काजळी धरते याचा अर्थ गॅस अर्धवट जळतोय, आणि अशा जळण्यातूनच कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास.

सुरुवात गॅस बंद करण्यापासून. बर्नर आणि पायलट दोन्ही बंद करा, स्टोव्हकडे येणाऱ्या नळीवरचा व्हॉल्व्ह बंद करा, ब्लोअर असेल तर त्याचा प्लग काढा. मग काही तास थांबा. चालू स्टोव्हची काच २०० अंश सेल्सिअसच्याही पुढे तापते, आणि नुसता पायलट चालू राहिला तरी ती कोमट राहते. कोमट काचेवर क्लीनर लावला की तो तिथेच वाळून डाग पाडतो.

पांढरा थर येतो तो असा: गॅस जळताना निघणारी पाण्याची वाफ सुरुवातीला थंड काचेवर जमते. गॅसला वास यावा म्हणून मिसळलेल्या द्रव्यातलं गंधक आणि नव्या लाकडांतून निघणारे पदार्थ तिच्यासोबत काचेला चिकटतात. थर ताजा असताना सहज निघतो. महिनोनमहिने तापत राहिला तर काचेचा पृष्ठभागच खातो आणि मग कशानेही जात नाही. म्हणून स्टोव्ह नवा असेल तर पहिल्या काही तासांच्या वापरानंतरच काच एकदा पुसून घ्यावी.

काच बहुधा स्प्रिंगच्या खिट्ट्यांवर बसवलेली असते. ती जड असते. दोन्ही हातांनी काढा आणि टॉवेलवर आडवी ठेवा. फायरप्लेसच्या काचेसाठी मिळणारा क्रीमसारखा क्लीनर मऊ कापडाने लावा, मग ओल्या आणि शेवटी कोरड्या कापडाने पुसा. अमोनिया असलेला खिडक्यांचा क्लीनर, घासायची पावडर, ब्लेड, तारेची घासणी यांतलं काहीही नको. बोटांचे ठसेही पुसून टाका, तापल्यावर ते पक्के बसतात. काचेच्या कडेची गॅस्केट (फट बंद करणारी पट्टी) फाटलेली किंवा सुटलेली असेल तर बदला, कारण बंद पेटीच्या स्टोव्हमध्ये हवा ठरलेल्या वाटेनेच आत यायला हवी. काचेला तडा गेला असेल तर नवी काच बसेपर्यंत स्टोव्ह पेटवू नका.

आता लाकडं. काढण्याआधी त्यांचा फोटो काढा, शक्य तर दोन बाजूंनी. प्रत्येक लाकडाची जागा खुंटीने किंवा खाचेने ठरलेली असते आणि ती शोभेपुरती नसते. लाकूड बोटभर सरकलं तरी ज्योत त्याच्यावर आपटते, थंड पडते आणि काजळी धरते. काळ्या काचेचं सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच, त्यामुळे तिथून तपास सुरू करा. ही लाकडं सिरॅमिकची आणि ठिसूळ असतात. पाणी लावू नका, रंगाच्या मऊ ब्रशने हलकेच झटका. ती तंतूंची बनलेली असतील तर त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते, तेव्हा एन-९५ मास्क लावा आणि हेपा (अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा व्हॅक्यूमच वापरा. साधा व्हॅक्यूम तीच धूळ खोलीभर उडवतो. निखाऱ्यांसारखे दिसणारे तुकडे मूळ होते तेवढेच आणि तिथेच ठेवा. बर्नरच्या भोकांवर किंवा पायलटपाशी त्यांचा ढीग झाला की ज्योत बिघडते.

बर्नरची भोकं मऊ ब्रशने मोकळी करा. बर्नरच्या ज्या टोकाला गॅसमध्ये हवा मिसळते, तिथे टॉर्च मारून बघा. बरेच महिने बंद असलेल्या स्टोव्हमध्ये तिथे कोळ्याचं जाळं हमखास सापडतं, आणि त्याने हवा अडली की ज्योत पिवळी, लांब आणि काजळीची होते. गॅसच्या जेटमध्ये मात्र सुई किंवा तार घालू नका. ते भोक मोजून पाडलेलं असतं. किंचित मोठं झालं तरी गॅस जास्त जातो.

पायलट विझण्यामागे बहुतेक वेळा थर्मोकपलचं काहीतरी असतं. पायलटच्या ज्योतीत असलेला हा धातूचा दांडा तापला की साधारण २५ ते ३० मिलिव्होल्ट वीज तयार करतो आणि तेवढ्यावर व्हॉल्व्ह उघडा राहतो. ज्योत निळी, ठाम आणि दांड्याचं वरचं सेंटिमीटरभर टोक वेढणारी हवी. ती मरगळलेली किंवा पिवळी असेल तर पायलटच्या हवेच्या भोकात धूळ आहे, डब्यातल्या दाबाच्या हवेने उडवा. दांड्यावर थर असेल तर अगदी बारीक स्टील वूलने हलकं घासा. ज्योत उत्तम असूनही पेटवताना दाबून धरलेला नॉब सोडताच विझत असेल तर थर्मोकपल संपलंय किंवा त्याची जोडणी सैल आहे. नॉब दाबलेला राहील असा कुठलाही जुगाड करू नका. पायलट विझल्यावर गॅस थांबवणारी सोय म्हणजे हे थर्मोकपलच आहे.

तुमच्या स्टोव्हला धुराडं नसेल तर हा मुद्दा जास्त गंभीर आहे. अशा बहुतेक स्टोव्हमध्ये खोलीतला ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की पायलट मुद्दाम विझावा अशी रचना असते. तेव्हा पुन्हापुन्हा पेटवत बसू नका, खिडक्या उघडा आणि तंत्रज्ञाला बोलवा. धुराडं असेल तर बाहेरचं त्याचं तोंड पाला, घरटं किंवा बर्फाने बुजलेलं नाही ना ते बघा.

पुन्हा पेटवण्याआधी सगळं फोटोप्रमाणे बसवा, काच लावा. व्हॉल्व्ह उघडल्यावर नळीच्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गॅस गळतोय. जमिनीजवळही वास घ्या, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. वास आला तर काहीही न पेटवता, विजेचं बटणही न दाबता बाहेर पडा आणि बाहेरूनच फोन करा. वास नसेल तर पायलट पेटवून नॉब साधारण ३० सेकंद दाबून ठेवा. नाही टिकला तर बंद करून ५ मिनिटं थांबा, मगच पुन्हा. बर्नर काही सेकंदांत शांतपणे पेटायला हवा. उशिराने 'भप्प' आवाज करून पेटला तर लगेच बंद करा. पेटल्यावर अर्धा तास ज्योतीकडे लक्ष ठेवा: सुरुवातीला निळी, मग पिवळसर होणं ठीक, पण टोकं काळपट धुराची दिसता कामा नयेत.

गॅसचा दाब, रेग्युलेटर आणि मुख्य व्हॉल्व्ह यांना हात लावू नका. ते वर्षातून एकदा तंत्रज्ञाकडून मोजून घ्या, त्याच खेपेला थर्मोकपलही तपासायला सांगा. झोपायच्या खोलीजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. त्याच्या मागे छापलेली मुदत आजच वाचा, कारण बॅटरी नवी असली तरी आतला सेन्सर काही वर्षांत निकामी होतो.