एकदा डेंग्यू होऊन गेल्यावर दुसरा डेंग्यू अधिक घातक का ठरतो, आणि लसीला इतका उशीर का?

आपण विचारले आहे की, दोन वर्षांपूर्वी डेंग्यू होऊन गेल्यामुळे शरीरात प्रतिपिंडे (अँटीबॉडी) तयार झालेली असताना डॉक्टर दुसऱ्या डेंग्यूची भीती का घालतात, आणि कोरोनाची लस वर्षभरात आली, तर डेंग्यूचीच का रखडली. मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, उपचार करीत नाही; त्यामुळे उत्तर त्या बाजूने देते.

डॉक्टरांचे म्हणणे खरे आहे, मात्र दुसऱ्या वेळीही बहुतेक रुग्ण बरे होतात. वाढते ती गंभीर आजाराची शक्यता. डेंग्यूचा विषाणू चार प्रकारांचा असतो. एकाची लागण झाली की त्याच्यापासून बहुधा जन्मभर संरक्षण मिळते, पण उरलेल्या तिघांपासून मिळणारे संरक्षण थोडेच दिवस टिकते. विषाणुशास्त्रज्ञ अल्बर्ट सेबिन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगांत ते दोन-तीन महिन्यांत ओसरलेले दिसले होते.

त्यानंतर शरीरात उरतात ती अर्धवट उपयोगाची प्रतिपिंडे. ती नव्या प्रकाराच्या विषाणूला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींना प्रतिपिंड दिसले की त्याची शेपटी धरून ते आत ओढून घेण्याची सवय असते, आणि त्याला चिकटलेला विषाणू अशा रीतीने आयताच त्या पेशीत पोहोचतो व तिथेच वाढू लागतो. मग पेशींमधून दाहकारक रसायने इतकी सुटतात की केशवाहिन्यांतून रक्तद्रव पाझरू लागतो, आणि हे घडते ते बहुधा ताप उतरत असताना, म्हणजे घरचे निर्धास्त होतात नेमके त्याच दिवशी. डेंग्यूचे संशोधक स्कॉट हॉल्स्टेड यांनी बँकॉकमधील मुलांच्या अभ्यासातून हा विचार मांडला, तेव्हा त्यावर बराच वाद झाला. पण आईची प्रतिपिंडे घेऊन जन्मलेल्या तान्ह्या बाळांना पहिल्याच लागणीत गंभीर डेंग्यू होतो, हे दुसऱ्या कशाने समजावणे मला तरी कठीण वाटते. एका देशाच्या पातळीवरही हेच दिसले: क्युबामध्ये 1977 साली पहिल्या प्रकाराची साथ आली, 1981 साली दुसऱ्या प्रकाराची, आणि या दुसऱ्या साथीत 158 माणसे दगावली.

आमच्याकडे पावसाळ्यात तापाच्या तिसऱ्या दिवशीचे नमुने येतात. तपासणीच्या कार्डावर एनएस-१ची, म्हणजे विषाणूच्याच एका प्रथिनाची, रेषा उमटते; आयजीएमची, म्हणजे नव्या लागणीत आधी तयार होणाऱ्या प्रतिपिंडाची, अजून उमटलेली नसते. पण कधी कधी आयजीजी या दीर्घकाळ टिकणाऱ्या प्रतिपिंडाची रेषा मात्र ठळक दिसते, म्हणजे लागण बहुधा पूर्वीही होऊन गेलेली असते. नातेवाईक ठामपणे सांगतात, "ह्यांना आधी कधीच डेंग्यू झालेला नाही." ते खोटे बोलत नसतात, कारण डेंग्यूच्या बहुतेक लागणी तापाशिवाय किंवा साध्या कणकणीत निघून जातात.

लसीची खरी अडचण इथेच आहे. लस चारही प्रकारांविरुद्ध सारखी प्रभावी हवी. एखाद्या प्रकाराविरुद्ध ती कमी पडली, तर लसच पहिल्या लागणीची जागा घेते, आणि नंतरची खरी लागण दुसऱ्या लागणीसारखी घातक ठरू शकते. डेंगव्हॅक्सिया ही लस पिवळ्या तापाच्या लसीतील विषाणूला डेंग्यूचे बाह्य आवरण देऊन बनवली होती. फिलिपिन्समध्ये 2016 पासून ती आठ लाखांहून अधिक मुलांना दिली गेली, आणि नोव्हेंबर 2017 मध्ये ती बनवणाऱ्या कंपनीनेच जाहीर केले की, ज्यांना पूर्वी डेंग्यू झालेला नाही त्यांच्यात लसीनंतर गंभीर आजाराचा धोका वाढू शकतो. तिथली मोहीम थांबली, आणि पालकांचा इतर लसींवरचा विश्वासही डळमळला. आपण रखडणे म्हणता, त्यातला बराच काळ या धड्यामुळे सावधगिरीत गेला आहे, आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही.

टाकेडा कंपनीची क्यूडेंगा ही दोन मात्रांची लस डेंग्यूच्याच दुसऱ्या प्रकारावर बेतलेली असून, जागतिक आरोग्य संघटनेने जास्त प्रादुर्भावाच्या भागांतील 6 ते 16 वर्षांच्या मुलांसाठी तिची शिफारस केली आहे. भारतात पॅनेसिया बायोटेकच्या एका मात्रेच्या लसीची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या (आयसीएमआर) सहकार्याने ऑगस्ट 2024 मध्ये रोहतक येथून सुरू झाली, आणि तीत 10,000 हून अधिक प्रौढ स्वयंसेवकांवर दोन वर्षे लक्ष ठेवण्याची योजना होती. एवढा काळ लागतो तो सेबिन यांना दिसलेल्या गोष्टीमुळेच: सुरुवातीचे काही महिने सर्वच प्रकारांविरुद्ध संरक्षण दिसते. डेंगव्हॅक्सियाच्या आशियातील चाचणीतसुद्धा लस घेतलेली 2 ते 5 वर्षांची मुले रुग्णालयात अधिक दाखल होऊ लागली, ती तिसऱ्या वर्षी.