हॅमिल्टनमध्ये घर घेताय? आधी जमिनीखालचं बघा

स्कॉटलंडमध्ये ग्लासगोत नोकरी लागली, घर जवळच्या हॅमिल्टन गावात बघतोय, जाहिरातीत 'पॅलेस ग्राउंड्सजवळ' असं लिहिलंय, तर तो पॅलेस कुठे आहे, असं तुम्ही विचारलंत. व्हिसाचंही विचारलंत, पण ते नियम सरकारी संकेतस्थळावर आहेत, ते सोडते. पॅलेसचं मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तुमच्या घराशी त्याचा थेट संबंध आहे.

पॅलेस आता नाही. हॅमिल्टनच्या ड्यूक घराण्याचा तो वाडा. 1684 पासून डचेस ॲन आणि तिच्या नवऱ्याने तो नव्याने बांधला, 1820 च्या दशकात दहाव्या ड्यूकने त्याला खांबांची भव्य उत्तरबाजू जोडली. याच ड्यूकने नेपोलियनचं चित्र फ्रेंच चित्रकार जाक-लुई दाविदकडून रंगवून घेतलं. ते आज वॉशिंग्टनला आहे. 1882 मध्ये सतरा दिवस लिलाव चालला आणि सामान विकून 3,97,562 पौंड आले. घराण्याला पैसा देणारा कोळसा गावाच्याच पोटात होता. तो काढता काढता जमीन खचली आणि 1920 च्या दशकात वाडा पाडावा लागला. तिथे आता खेळाची मैदानं आणि दुकानं आहेत. दहाव्या ड्यूकची घुमटाची समाधी उभी आहे, पण आतली प्रेतं 1921 मध्ये बेंट दफनभूमीत हलवली. जवळच्या शॅटेलहेरॉल्टची घराण्याची जुनी शिकारगढी जरूर बघा: खाणींमुळे तिथल्या खोल्यांची जमीन डोळ्यांना दिसेल इतकी कललेली आहे.

म्हणून 'होम रिपोर्ट'वर, म्हणजे विकणाऱ्याने करून दिलेल्या घराच्या तपासणी अहवालावर, विसंबू नका. त्यात खाणींचा अहवाल नसतो. वकिलाला तो वेगळा मागवायला सांगा आणि घराच्या हद्दीपासून 20 मीटरच्या आत जुन्या खाणीचं तोंड आहे का, ते आधी वाचा. असलं तर बँका कर्जाला कचरतात. विम्याचा होकार सौदा पक्का होण्याआधी लेखी घ्या, कारण इथे सौदा वकिलांच्या पत्रांनी होतो; तुमच्या आणि विकणाऱ्याच्या वकिलाची पत्रं पक्की झाली की माघार महागात पडते. घर बघताना विटांच्या सांध्यातून पायऱ्यांसारख्या जाणाऱ्या भेगा, चौकटीत अडकणारी दारं आणि जमिनीचा उतार तपासा. ताजा रंग दिसला तर तो का लावला, ते विचाराच. आणि 'ऑफर्स ओव्हर' म्हणजे जाहिरातीतल्या किमतीच्या वर बोली लावायची; बँक मात्र होम रिपोर्टच्या मूल्यांकनावरच कर्ज देते, वरची रक्कम रोख लागते.

शाळेबद्दल लिहिताना अजून मन कडू होतं. इथे मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवतात, भारतातली इयत्ता मोजत नाहीत. शाळा पत्त्यावरून ठरते; दुसरी हवी तर ऑगस्टच्या प्रवेशासाठी अर्ज 15 मार्चपर्यंत. मूल दहावीच्या आसपासचं असेल तर 'हायर'चे, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या स्कॉटिश परीक्षेचे, विषय (बहुधा पाच) आदल्या वसंतातच वाटून झालेले असतात. उशिरा आलेल्याला वेळापत्रकाच्या ज्या रकान्यांत जागा उरली त्यातलेच विषय मिळतात आणि त्याच पाच विषयांवर विद्यापीठ ठरतं. शाळेकडून विषयांच्या रकान्यांचा कागद आधीच मागवा, गुणपत्रिकांसोबत अभ्यासक्रमही आणा. नम्रपणे गप्प बसणाऱ्या आईबापांच्या मुलांचं इथे नुकसान होतं. मला हे फार उशिरा कळलं.

एकटेपणा येतो. डिसेंबरात पावणेचारला सूर्य बुडतो. दिवा लावा, कामाला लागा.

शेवटी डनगेव्हल. स्ट्रॅथहेवनजवळची याच ड्यूक घराण्याची शिकारगढी. 1941 मध्ये हिटलरचा सहकारी रुडॉल्फ हेस ड्यूकला भेटायला विमानाने निघाला तो तिकडेच. 2001 पासून तिथे देशाबाहेर पाठवायच्या परदेशी लोकांना सरकार कोंडून ठेवतं. तिथून जाणारा रस्ता मी टाळते. तुम्ही एवढंच करा: कागद चोख ठेवा, पासपोर्ट बदलला की ई-व्हिसाच्या (व्हिसाच्या ऑनलाइन नोंदीच्या) खात्यात नवा क्रमांक त्याच दिवशी भरा.