लढाई संपल्यावर दोन्हीकडच्या पोरांना एकत्र कसं आणायचं?

तुम्ही विचारलंय, युद्ध थांबल्यावर दोन्ही बाजूंच्या तरुणांचा समेट कसा घडवायचा. मी बेळगावचा. आमचं भांडण भाषेचं आणि सीमेचं, युद्धाचं नव्हे. तेव्हा बरोबरी करत नाही. ज्याच्या घरातलं माणूस मारलं गेलंय, त्याला आधी न्याय हवा. पण पोरांना समोरासमोर बसवून ‘मनातलं बोला’ म्हणण्याआधी हाताला एक काम द्या, एवढं नक्की सांगेन.

बोस्नियात १९९५ ला युद्ध संपलं आणि कित्येक ठिकाणी एकाच इमारतीत दोन शाळा भरू लागल्या. कॅथलिक क्रोएट मुलांचा अभ्यासक्रम वेगळा, मुस्लिम बोस्नियाक मुलांचा वेगळा. मोठ्यांना ती शांतता वाटली. तिथल्याच मोस्तार शहरातल्या हायस्कुलात दोन्हीकडची पोरं भेटायची ती चोरून सिगारेट ओढायला, संडासात! (हसू नका, आमच्या कॉलेजातही कानडी-मराठी ऐक्य पानटपरीवरच असायचं.) उलट यायत्से गावात मुलं एकाच वर्गात शिकत होती. २०१६ मध्ये तिथं वेगळी शाळा काढायचं घाटू लागलं, तेव्हा दोन्हीकडची मुलं मिळून रस्त्यावर उतरली आणि पुढच्या वर्षी तो बेत बारगळला. उत्तर आयर्लंडातल्या बेलफास्टला तर १९८१ साली, गोळीबार चालू असतानाच, पालकांनी कॅथलिक-प्रॉटेस्टंट मुलांसाठी लॅगन कॉलेज काढलं. सुरुवातीला मुलं अवघी २८.

आमच्याकडचं सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर गल्लीतली दहा-बारा पोरं घेऊन गोकाकला गाळ काढायला गेलो. त्यात एक मराठी, एक कानडी, असे दोघं, की बोर्डाला काळं फासण्यावरून आदल्या वर्षी एकमेकांच्या कॉलरला हात घातलेले. एका घरात लोखंडी कपाट गुडघाभर चिखलात रुतलेलं. नेमके हेच दोघं त्याच्या दोन टोकांना. कपाटाला दोघांचा शब्द एकच. अडलं ते उचलण्यावर. हा म्हणे ‘उचल’, तो म्हणे ‘एत्तो’. जोर एकदम लागेना, दोनदा कपाट पायावर येता येता राहिलं. तिसऱ्यांदा आमचाच ओरडला, ‘एत्त की रे!’ आणि निघालं.

मित्र झाले म्हणाल तर नाही. त्या १ नोव्हेंबरला हा मराठी लोकांच्या काळ्या दिनाच्या फेरीत, तो कर्नाटकाच्या राज्योत्सवाच्या मिरवणुकीत. फक्त सकाळी त्याचा याला फोन आला होता: ‘चन्नम्मा सर्कलकडनं येऊ नको, आज तिथं आमची पोरं तापलेत.’