बाखचे एक पान आणि शास्त्र-इतिहासाचा अभ्यास

नौपाडा, ठाणे

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. पियानोवर हात बऱ्यापैकी बसला आहे, आता पाश्चात्त्य संगीताचे शास्त्र आणि इतिहास रीतसर शिकायचा आहे, तर आधी कोणती पुस्तके वाचावीत, असे तू विचारले आहेस. पुस्तकांची यादी मी आज देणार नाही. शास्त्राचे एक पुस्तक आणि इतिहासाचे दुसरे, अशी दोन टोके धरून बसलेले विद्यार्थी मी पुष्कळ पाहतो; त्यांना जर्मन संगीतकार बाखचा जन्म १६८५ चा हे पाठ असते आणि डॉमिनंट सेव्हन्थ या कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या एका गुच्छाची, व्याख्याही येते, पण समोरच्या पानावर ती कॉर्ड आली तर ओळखू येत नाही. त्यापेक्षा तू एकच रचना निवड आणि शास्त्राचे व इतिहासाचे प्रश्न तिलाच विचार. माझी निवड म्हणशील तर बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हिअर’च्या १७२२ मधल्या पहिल्या भागातील पहिले प्रेल्यूड (सुरुवातीला वाजवायची छोटी रचना), सी मेजरमधले. ते तुझ्या बोटांना जड जाणार नाही, त्यामुळे डोके मोकळे राहील.

पांढरी एक हा षड्ज धर आणि पहिले चार बार (नोटेशनमध्ये उभ्या रेघांनी पाडलेले कप्पे) अगदी सावकाश वाजव. डाव्या हाताचा सर्वांत खालचा स्वर सा, सा, मंद्र नी आणि पुन्हा सा असा जातो. पहिल्या बारात त्याच्यावर ग आणि प आहेत, म्हणून तो निवांत वाटतो. दुसऱ्या बारात खालचा सा जागचा हललेला नाही. वरचे स्वर मात्र रे, ध आणि म झाले आहेत, आणि तेवढ्यानेच तो सा अस्थिर होतो, त्याला कुठेतरी सरकावेसे वाटते. तिसऱ्या बारात तो नीवर उतरतो, वर रे, प आणि म असतात आणि चौथ्यात सारे घरी परतते. आपल्या कानाला यात खरी नवी गोष्ट आहे ती ही. तानपुऱ्यावर वाढलेल्या श्रोत्याला षड्ज म्हणजे विश्रांतीची जागा. इथे षड्जालाही बेचैन करता येते, कारण स्वराचे स्थैर्य त्याच्या जागेवर नव्हे तर त्या क्षणी त्याच्यासोबत कोण आहे यावर ठरते. हार्मनीच्या, म्हणजे स्वर एकत्र वाजवण्याच्या शास्त्राच्या, जाडजूड पुस्तकात अनेक प्रकरणे याच एका गोष्टीवर खर्ची पडलेली असतात.

सहाव्या बारात तीव्र मध्यम येतो. तो पाहून कल्याण थाटाची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी बिलावल म्हणजे मेजर स्केल, काफी म्हणजे डोरियन, भैरवी म्हणजे फ्रिजियन अशी पाश्चात्त्य स्वरश्रेणींशी तुलना तू जरूर कर, तिने पहिली भीती जाते. मात्र तिथेच थांबू नकोस. हा तीव्र मध्यम रागाचा रंग म्हणून आलेला नाही; तो पंचमाचा नी होऊन आला आहे. पुढे अकराव्या बारापर्यंत रचना पंचमालाच षड्ज मानून तिथे टेकते. आपला गायक मैफलीपूर्वी काळी एक की पांढरी दोन ते ठरवतो आणि मग सा हलवत नाही. इकडे सा हलवणे हाच रचनेच्या बांधणीचा मुख्य भाग आहे, आणि की सिग्नेचरचे (कोणते स्वर चढे-उतरे घ्यायचे ते सांगणाऱ्या, ओळीच्या सुरुवातीच्या खुणांचे) पाठांतर करण्याआधी हे कानाने पटले पाहिजे.

आता या संग्रहाच्या नावाकडे वळू. ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हिअर’ म्हणजे नीट जुळवलेले पट्ट्यांचे वाद्य, आणि त्या जुळवण्यात गणित आहे. शुद्ध पंचमाच्या बारा पायऱ्या चढून गेलीस तर सात सप्तके वर, त्याच स्वरावर पोहोचायला हवे. प्रत्यक्षात तू सुमारे साडेतेवीस सेंट वर निघून जातेस. (शंभर सेंट म्हणजे आजच्या पियानोवरचे एक अर्धस्वरांतर.) हा फरक कुठे जिरवायचा, यावर युरोपातल्या वाद्यकारांनी शतकानुशतके डोके खपवले. बाखच्या काळी वाद्याचे स्वर लावण्याच्या अनेक जुळण्या प्रचारात होत्या, आणि चोवीसही मेजर-मायनर स्केल्समध्ये वाजवता येईल अशा जुळणीसाठी त्याने हा संग्रह लिहिला; ती जुळणी आजचीच होती असे मात्र समजू नकोस. आजच्या पियानोत तो फरक बारा पंचमांत समान वाटलेला आहे. पंचम जेमतेम दोन सेंट उतरतो, पण गंधार तानपुऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा जवळजवळ चौदा सेंट चढा राहतो. पं. राम मराठे महोत्सवात पुढच्या रांगेत बसून तानपुरा नीट ऐक आणि घरी येऊन सी आणि ई एकत्र दाब, फरक कळेल. आपल्याकडे पेटीवर झालेला वाद याच मुळातून आला होता. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये तिला दारच बंद केले आणि ते कित्येक वर्षे उघडले नाही. (मी स्वतः पेटीच्या बाजूचा आहे, पण तो विषय पुन्हा कधीतरी.)

इतिहासासाठी संगीतकारांची चरित्रे मागाहून वाच, आधी वाद्य बघ. बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारात १७०० च्या सुमारास हातोड्यांचे वाद्य घडवले. हार्पसिकॉर्ड या आधीच्या पट्ट्यांच्या वाद्याची तार खेचली जाते, त्यामुळे बोटाच्या जोराने आवाज लहानमोठा होत नाही. हातोड्यामुळे तो होऊ लागला. त्याचा १७२० चा पियानो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. मोझार्टच्या पियानोला पाच सप्तके होती, आणि बेथोव्हेनच्या सुरुवातीच्या सोनाटांतही हात तेवढ्याच पट्ट्यांत वावरतो. १८१७ मध्ये लंडनच्या ब्रॉडवुडने त्याला पाठवलेल्या पियानोला सहा होती. लोखंडी चौकट आणि अठ्ठ्याऐंशी पट्ट्या ही पुढची गोष्ट. तेव्हा हे प्रेल्यूड लिहिताना बाखसमोर आजचा पियानो नव्हता आणि पायाशी पेडलही नव्हते, हे लक्षात ठेवून ते एकदा पेडलशिवाय वाजव.

ग्रेडच्या परीक्षा दे. एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षामंडळाच्या सहाव्या ग्रेडला बसायचे तर थिअरीची पाचवी ग्रेड साधारणपणे लागतेच. पण थिअरीचा स्वाध्याय पट्ट्यांपासून दूर, नुसत्या पेन्सिलने सोडवू नकोस. रात्री शेजाऱ्यांची अडचण असेल तर हेडफोन लाव. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा लोकलने सीएसएमटी गाठून एनसीपीए या कलाकेंद्रातला एखादा कार्यक्रम ऐक.

एक सर्वांत मजेदार जागा मी राखून ठेवली होती. बाविसाव्या बारात खालचा स्वर तीव्र मध्यम आहे, तेविसाव्यात कोमल धैवत, चोविसाव्यात पंचम. पूरिया धनाश्री ऐकलेल्या आपल्या कानाला पंचमाभोवतीचे हे दोन स्वर मुळीच खटकत नाहीत. पण युरोपात कोणाला तरी ही उडी चूक वाटली आणि दोहोंच्या मध्ये पंचमाचा एक जादा बार घातला गेला. तो हॅम्बुर्गच्या श्वेंके या संगीतकाराच्या नावाने ओळखला जातो, जुन्या आवृत्त्यांतून छापलाही गेला, आणि फ्रेंच संगीतकार गुनोने १८५३ मध्ये या प्रेल्यूडवर आपली सुप्रसिद्ध धून बसवली तेव्हा त्याने तोच पाठ वापरला. स्वरांचे नियम, छपाई, संपादकांची मते आणि एका काळाचा कान, हे सारे त्या एका बारात तुला सापडेल.

म्हणून नोटेशन घेताना मूळ हस्तलिखितावरून केलेली उर्टेक्स्ट आवृत्ती माग. तुझ्याकडे आधीच एखादी प्रत असेल तर बार मोज: पस्तीस भरले तर बाखचे, छत्तीस भरले तर श्वेंकेचा पाहुणा आत आहे. रविवारी शिकवणीला येशील तेव्हा आकडा सांग, आणि प्रत्येक बाराखाली खालच्या स्वराची सरगम लिहून आण.

तुझा,
सर